ध्येय ठरवताय? आधी आठवडा मोजा, वही नंतर उघडा

दर पाडव्याला आणि दर १ जानेवारीला तेच होतं. नवी वही येते, पहिल्या पानावर लाल पेनने "या वर्षी जर्मन शिकायचंच" असं लिहिलं जातं, त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस पडतं, मग पुस्तकं, मग अ‍ॅपचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन, आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच वहीत दुधाचा हिशोब सुरू होतो. लोक याला आळस म्हणतात आणि स्वतःलाच शिव्या घालत बसतात. पण बहुतेक वेळा माणूस आळशी नसतो, क्रम चुकलेला असतो. जाहीर करणं, खरेदी करणं ही शेवटची कामं पहिल्या दिवशी उरकली जातात आणि आपल्याकडे आठवड्याला खरोखर किती तास आहेत हे मोजायचं पहिलं काम कुणी करतच नाही.

खाली शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलंय, नोकरी सांभाळून जर्मनची ए१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची परीक्षा. तुमचं काही वेगळं असेल, वजन, पळणं, कर्ज फेडणं, खात्याची परीक्षा, तरी टप्पे हेच आणि याच क्रमाने. मधला एखादा "हे तर मला माहितीये" म्हणून सोडू नका, बहुतेकांचं तिथेच फसतं.

टप्पा १: सात दिवस नुसतं मोजा

या आठवड्यात काहीही सुरू करायचं नाही. पुस्तक नाही, क्लास नाही, अ‍ॅप नाही. फक्त रोज झोपायच्या आधी फोनच्या नोट्समध्ये लिहायचं की आज कुठला वेळ खरंच मोकळा होता, किती मिनिटं, आणि तेव्हा डोकं चालत होतं का. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. रात्री साडेदहानंतरची चाळीस मिनिटं कागदावर मोकळीच दिसतात, पण दिवसभर ऑफिस, त्यात येताना ट्रॅफिक, त्यानंतर जेवण, आवराआवर, एवढं झाल्यावर त्या चाळीस मिनिटांत जर्मन नामांच्या लिंगांचं डेर-डी-दास डोक्यात शिरत नाही. तो वेळ ऐकण्यासाठी किंवा उजळणीसाठी धरा, नवीन काही शिकायला धरू नका.

नोंद साधारण अशी दिसते:

मंगळवार. सकाळी ६.४० ते ७.१५ मोकळा, डोकं चालू. दुपारी जेवणानंतर २० मिनिटं, पण कलीग सोबत. रात्री ९.५० ते १०.३० मोकळा, डोकं बंद, रील बघितले.
शनिवार. सकाळी दळण, गॅसवाला, आईला डॉक्टरकडे. दुपारी ३ ते ४.३० मोकळा, झोपलो.

बस, एवढंच. सुधारायला जायचं नाही, त्या दुपारच्या झोपेबद्दल वाईट वाटून घ्यायचं नाही, ती झोप पुढच्या शनिवारीही होणार आहे असंच धरायचं.

*सावधान:* लग्नाचा, सुट्ट्यांचा किंवा आजारपणाचा आठवडा मोजू नका. आणि आठवडा मोजताय हे घरात सांगायची गरज नाही, नाहीतर सगळे उगाच शहाण्यासारखे वागतात आणि आकडा फुगतो.

*तपासा:* सात दिवसांनंतर "डोकं चालू" वाल्या वेळाची बेरीज करा. नोकरीवाल्याची दहा तासांच्या वर आली तर बहुतेक कुठेतरी स्वतःला फसवलंय, परत बघा.

टप्पा २: हे नक्की कुणाला हवंय

हा टप्पा छोटा आहे पण टाळू नका. कागदावर एक प्रश्न लिहा, हे मी करतोय असं कुणालाच कधी कळणार नसेल तरी मी करेन का? उत्तर "हो" असेल तर पुढे चला. "नाही" आलं तरी लगेच सोडायचं असं नाही, कारण निम्मी ध्येयं साहेबांची, सासरची, किंवा जर्मनीत असलेल्या चुलतभावाची असतात आणि तीही पूर्ण होतात. फक्त अशा वेळी त्यात स्वतःच्या निवडीचा थोडा तरी भाग शोधावा लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर याच विषयावर काम केलं. त्यांच्या मांडणीत माणूस एखाद्या कामात टिकून राहायला तीन गोष्टी लागतात, हे मी निवडलंय असं वाटणं, मला हे जमतंय असं वाटणं, आणि सोबत कुणीतरी असणं. म्हणून परीक्षा कंपनीने सांगितली असली तरी कुठल्या वेळेत बसायचं, कुठलं पुस्तक, क्लास लावायचा की घरीच करायचं, हे तुम्ही ठरवा. ते पण दुसऱ्याने ठरवलं तर दोन महिन्यांत चिडचिड सुरू होते.

*तपासा:* तिन्हीपैकी एकही गोष्ट सापडत नसेल तर दुसरं ध्येय घ्या. खरंच. वर्ष वाया घालवण्यापेक्षा बरं.

टप्पा ३: तासांना भागा, मग वाढवा

आता गणित. सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी कामाचा एकूण आकार शोधा. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडचं मॅक्समुल्लर भवन, ए१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या साधारण ८० ते २०० तासिका लागतात असं सांगतं. म्हणजे ६० ते १५० तास. आधी एखादी परदेशी भाषा शिकला असाल तर खालचा आकडा, नसेल तर वरचा. आपण मध्ये १०० तास धरू.

समजा तुमच्या मोजलेल्या आठवड्यात डोकं चालू असलेले ५ तास निघाले. १०० भागिले ५, २० आठवडे. इथे बहुतेक जण खूश होतात, जूनमध्ये सुरू केलं की ऑक्टोबरमध्ये परीक्षा, आणि तारीख लिहून मोकळे. थांबा.

माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज कायम कमीच लावतो. डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये ही खोड मांडली आणि १९९४ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ती चांगलीच दिसली. विद्यार्थ्यांना विचारलं प्रबंध कधी पूर्ण होईल, त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता, प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ च्या वर. आणि ही मुलं प्रबंधाच्या अगदी शेवटाला आलेली होती, नवखी नव्हती. म्हणजे साधारण १.६ पट. तोच गुणाकार आपण घेऊ, २० गुणिले १.६, ३२ आठवडे. जूनच्या पहिल्या सोमवारी सुरू केलं तर जानेवारीचा मध्य.

"एवढे?" हो, एवढेच. कारण मधे गणपती आहेत, नवरात्र आहे, दिवाळी आहे, तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई आहे, ऑफिसचा क्वार्टर एंड आहे आणि एक तरी व्हायरल ताप आहे. कॅलेंडर समोर घेऊन हे आठवडे खरंच खोडून बघा, १.६ चा आकडा मग अजिबात जास्त वाटत नाही.

*नेहमीची चूक:* तास कमी पडतायत म्हणून "मग मी पहाटे ४ ला उठेन" असं लिहून गणित जुळवणं. जो वेळ मोजलेल्या आठवड्यात नव्हताच तो धरायचा नाही. वेळ वाढवायचाच असेल तर आधी काहीतरी काढा, उदाहरणार्थ आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागा, आणि ते मंजूर झाल्यावरच आकडा बदला.

टप्पा ४: आता ध्येयाचं वाक्य लिहा

आता कुठे वही उघडायची.

वाक्य नेमकं हवं आणि थोडं जड हवं. ध्येय कसं ठरवावं यावर संशोधन करणाऱ्या एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या कामातलं एक उदाहरण मला फार आवडतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत ओक्लाहोमामध्ये लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रकवाले कायद्याने चालतं त्याच्या जेमतेम ६० टक्के वजन भरून जायचे. "शक्य तेवढं भरा" हे आधी सांगून झालं होतं. मग नेमकं ९४ टक्के असं लक्ष्य दिलं, पगार वाढवला नाही, बक्षीस नाही, आणि भरणा ९० टक्क्यांच्या आसपास जाऊन पोचला. "जमेल तेवढं करू" या वाक्यात दम नसतो, कारण काहीही केलं तरी ते पूर्णच झालेलं असतं.

पण इथे एक खाच आहे, सोप्या पोस्टमध्ये ती कुणी सांगत नाही. ट्रक कसा भरायचा हे त्या लोकांना येत होतं. काम अगदी नवीन असेल तर सुरुवातीलाच निकालाचं कडक लक्ष्य उलटं पडू शकतं, माणूस शिकायचं सोडून आकड्याकडे बघत बसतो. म्हणून नवीन गोष्टीत वाक्याचे दोन भाग करा.

पहिले ८ आठवडे शिकण्याचं लक्ष्य: आठवड्याला ५ तास, आणि दर रविवारी त्या आठवड्याच्या एका विषयावर (स्वतःची ओळख, घड्याळ आणि आकडे, खरेदी, घर) न बघता सहा वाक्यं मोठ्याने बोलता येणं.

त्यानंतर निकालाचं लक्ष्य: जानेवारीअखेर नमुना पेपरमध्ये १०० पैकी ७५. पास व्हायला ६० लागतात, पण घरच्या टेबलावरचे ७५ परीक्षेच्या खोलीत कमी होतात. नमुना पेपर गोएथेच्या साइटवर फुकट मिळतात, विकत घेऊ नका.

आणि "मोठ्याने" हा शब्द उगाच नाही टाकलेला. ए१ च्या तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यावी लागते, कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारावा आणि उत्तर द्यावं लागतं, एखादी विनंती करावी लागते. मनातल्या मनात जर्मन बोलणारे तिथेच अडकतात.

*सावधान:* येल विद्यापीठातल्या १९५३ च्या बॅचमध्ये ज्या ३ टक्के मुलांनी ध्येय लिहून ठेवलं होतं ते पुढे बाकीच्या सगळ्यांपेक्षा श्रीमंत झाले, ही गोष्ट प्रत्येक मोटिव्हेशनल सेमिनारमध्ये ऐकवतात. असा अभ्यास कधी झालाच नाही. लिहिणं उपयोगाचं आहे, पण लिहिल्याने जादू होईल या भरवशावर पुढचे टप्पे सोडू नका.

टप्पा ५: आड काय येणार ते आधीच लिहा

डोळे मिटून बर्लिनमध्ये कॉफी पिताना स्वतःला बघा, वगैरे सल्ला सगळीकडे मिळतो. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांनी हेच तपासलं आणि वजन कमी करायला आलेल्या ज्या बायका सगळं छान होणार अशी गुलाबी स्वप्नं रंगवत होत्या त्यांचं वजन उलट कमी उतरलं असं त्यांना आढळलं. स्वप्न बघायला हरकत नाही, पण त्याला लागूनच अडथळा बघायचा, आणि तो स्वतःच्या आतला.

"ट्रॅफिक" हा अडथळा लिहू नका, तो सगळ्यांनाच आहे. "घरी आल्यावर सोफ्यावर टेकलो की फोन हातात येतो आणि जेवण होईपर्यंत सुटत नाही" असं लिहा. किंवा "उच्चार चुकेल म्हणून घरात मोठ्याने वाचायची लाज वाटते, धाकटा हसतो." हा दुसरा अडथळा बऱ्याच जणांचा असतो आणि कुणी तो लिहीत नाही. दोन अडथळे पुरेत. दहा लिहिलेत तर घाबरून बसाल.

टप्पा ६: प्रत्येक अडथळ्याला एक जर-तर

पूर्ण लेखातून एकच टप्पा नीट करणार असाल तर हा करा.

मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी यावर बरंच काम केलंय. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक छोटा रिपोर्ट लिहून पाठवायचा होता. कधी आणि कुठे बसून लिहिणार हे ज्यांनी आधी ठरवून लिहिलं होतं, त्यांच्यातल्या पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. इच्छा दोन्हीकडे तेवढीच होती. फरक एवढाच की ऐन वेळी "आता बसू का नंतर" हा निर्णय घ्यायची वेळच पहिल्या गटावर आली नाही.

वाक्य असं बांधायचं: जर (डोळ्याला दिसणारी घटना), तर (लगेच करायचं एक काम).

जर सकाळच्या चहाचा कप सिंकमध्ये ठेवला, तर तिथूनच डायनिंग टेबलवर बसून पुस्तकाचं खूण केलेलं पान उघडायचं.
जर घरी पोचायला साडेआठ वाजून गेले, तर व्याकरण नाही, बेडवर पडून १५ मिनिटं फक्त ऐकायचं.
जर शनिवारी पाहुणे आले, तर रविवारी सकाळी ७ ते ८.३०.
जर मोठ्याने वाचायची लाज वाटली, तर गच्चीवर जायचं.

चुका कुठे होतात ते बघा. "वेळ मिळाला की" ही घटना नाही, वेळ कधी मिळत नाही. "मूड असेल तर" ही पण नाही. "सकाळी ७ वाजता" चालतं, पण एखाद्या रोजच्या कामाला जोडलेलं जास्त टिकतं, कारण घड्याळ बघायला विसरतो, चहा विसरत नाही. आणि "तर" नंतर मोठं काम लिहायचं नाही. "तर धडा तिसरा पूर्ण करायचा" असं लिहिलंत की हात थबकतो. पुस्तक उघडायचं, एवढंच लिहा, उघडलं की बाकीचं बऱ्यापैकी आपोआप होतं.

*तपासा:* जर-तर वाक्य घरातल्या कुणालाही वाचून दाखवा आणि विचारा, हे झालं की नाही हे तुला लांबून बघून कळेल का? कळत नसेल तर वाक्य परत लिहा. एकूण तीन-चारच ठेवा.

टप्पा ७: मिनिटं लिहा, टिकमार्क नको

स्वयंपाकघरातलं कालनिर्णय या कामाला सगळ्यात भारी, कारण ते सगळ्यांना दिसतं आणि त्याला चार्जिंग लागत नाही. प्रत्येक दिवसाच्या चौकोनात त्या दिवशी बसलेली मिनिटं लिहा. ३५. ०. १५. ९०. शून्यही लिहायचं, रिकामा चौकोन सोडायचा नाही, रिकामा चौकोन म्हणजे "लिहायचं राहिलं असेल" अशी पळवाट.

२०१६ मध्ये १३८ अभ्यास एकत्र करून तपासलं गेलं, तेव्हा प्रगतीवर लक्ष ठेवल्याने ध्येय गाठायला मदत होते हे दिसलं, आणि ते कुठेतरी नोंदवलं किंवा दुसऱ्याला कळवलं तर जास्त. टिकमार्कचा प्रॉब्लेम असा की पाच मिनिटं बसूनही टिक मिळते आणि दीड तास बसूनही तीच टिक, मग आपण पाचवर उतरतो.

आणखी एक बारीक गोष्ट. निम्मा रस्ता होईपर्यंत "किती झालं" ते मोजा, ११ तास झाले, १९ झाले. निम्म्यानंतर "किती उरलं" मोजा. सुरुवातीलाच ८९ तास उरलेत असं बघितलं तर कुणाचाही धीर सुटेल. आणि मधले आठवडे सगळ्यात पडेल असतात, सुरुवातीची हौस संपलेली आणि शेवट अजून दिसत नाही, म्हणून ३२ आठवड्यांचे चार-चार आठवड्यांचे आठ तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला स्वतःचा शेवट हवा, म्हणजे त्या दिवशी कुणासमोर तरी बोलून दाखवायचं किंवा पेपरचा एक भाग सोडवायचा.

टप्पा ८: बुडालं तर काय करायचं हे बुडायच्या आधी ठरवा

बुडणारच आहे. २१ दिवसांत सवय लागते हे ऐकून लोक बाविसाव्या दिवशी स्वतःवर चिडतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं निघालं, कुणाला १८ तर कुणाला अंदाजे २५४. आणि कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

बिघडतं ते नंतरच्या विचाराने. डाएटवाले यात पटाईत असतात, सकाळी एक गुलाबजाम खाल्ला, आता दिवस गेलाच तर अजून चार खाऊ. तसंच इथे, मंगळवार बुडाला म्हणून आठवडा सोडला, सोमवारपासून नव्याने.

माझा नियम असा: बुडालेले ४५ मिनिटं उद्याच्या डोक्यावर टाकायची नाहीत. उद्या ९० मिनिटं आहेत म्हटलं की उद्याही बुडतो. उद्याचे ४५ च करायचे, १.६ ने गुणलंय ते याचसाठी. फक्त सलग दोन दिवस शून्य पडले तर तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं तरी, चौकोनात १० लिहायचे आणि झोपायचं. सोमवार, पाडवा, वाढदिवस यांचा उपयोग नव्याने उभं राहायला जरूर करा, माणसाला नव्या सुरुवातीने हुरूप येतो हे खरंच आहे. पण बुधवारी बुडालेलं गुरुवारी सुरू होऊ शकतं.

टप्पा ९: सांगणं आणि बक्षीस, सगळ्यात शेवटी

स्टेटस टाकायची इतकी घाई का असते हे कळतं. "वा, मस्त!" असे वीस मेसेज आले की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं, आणि तोच धोका आहे. गोलविट्झर यांच्याच २००९ च्या प्रयोगांत असं दिसलं की "मला असं असं व्हायचंय" ही गोष्ट दुसऱ्याने ऐकून मान्य केली की लोक त्यासाठीचं प्रत्यक्ष काम कमी करतात. म्हणून पहिले चार आठवडे गप्प. नंतर एकाच माणसाला सांगा, आणि त्यालाही स्वप्न सांगू नका, दर रविवारी मिनिटांची बेरीज पाठवा. "या आठवड्यात २४०" एवढाच मेसेज. कौतुक करणारी मावशी यासाठी नको, "मागच्या आठवड्यात तर २९० होते ना रे?" असं विचारणारा मित्र हवा.

बक्षिसाचं पण जपून. १९७३ च्या एका प्रयोगात चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या लहान मुलांना "चित्र काढलंस तर सर्टिफिकेट" असं आधी सांगितलं, नंतर तीच मुलं आपणहून कमी चित्रं काढायला लागली. तुम्हाला भाषा आवडत असेल तर तिला शॉपिंगचं आमिष लावू नका. जो भाग मुळातच कंटाळवाणा आहे, उदाहरणार्थ क्रियापदांचे तक्ते पाठ करणं, त्याला लावा, ते संपलं की मिसळ.

टप्पा १०: दर चार आठवड्यांनी पंधरा मिनिटं

कॅलेंडर घ्या, मिनिटांची बेरीज करा, ठरवलेल्या तासांशी ताडून बघा. ८० टक्क्यांच्या वर असाल तर काहीही बदलू नका, सुधारणा करायची खाजसुद्धा दाबा. ५० ते ८० असेल तर जर-तर वाक्यांतलं जे चाललंच नाही ते काढून दुसरं लिहा, तारीख तशीच ठेवा. सलग दोन तुकडे ५० च्या खाली गेले तर गणित परत करा, खऱ्या तासांनी, आणि तारीख जाईल तिथे जाऊ द्या. हे टक्के माझा ठोकताळा आहेत, तुमचे थोडे वेगळे ठेवा, पण आधी ठरवून ठेवा, बेरीज बघून झाल्यावर नाही.

परीक्षेचा फॉर्म आणि फी मात्र जोशात भरू नका. आधी घड्याळ लावून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, दोन वेगवेगळ्या दिवशी दोन नमुना पेपर सोडवा. बोलण्याचा भाग कुणालातरी समोर बसवून करा, जर्मन न येणारा बसला तरी चालेल, अडखळलात की त्याला कळतंच. दोन्ही पेपरमध्ये ७५ आले की त्याच संध्याकाळी फॉर्म भरा. एकात ७५ आणि एकात ६२ आले तर अजून चार आठवडे, आणि त्या चार आठवड्यांत फक्त ज्या भागात मार्क गेले तोच भाग.